एका चुलीमागे एक कार्ड

माझ्या चुलतसासऱ्यांनी जितक्या परक्या चुलींत हात घातला, तितक्या चुलींत आंबेगाव तालुक्यात दुसऱ्या कुणी घातला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. काही माणसं जमीन बघतात, काही बैलाचे दात बघतात. यांनी जन्मभर लोकांची राख बघितली. माझी त्यांची पहिली भेटसुद्धा राखेतच झाली. बायकोचे वडील ती लहान असतानाच गेले, त्यामुळे लग्नाआधी आमचं घर बघायला हेच आले होते. आळेफाट्याला आमचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आणि मागं घर. पाव्हणे आले, त्यांना पाणी दिलं, स्टोव्हवर चहा ठेवला, आणि पाहतो तर पाव्हणे जागेवर नाहीत. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईची किंकाळी आली. धोतर सावरून ते चुलीपुढं उकिडवे बसले होते आणि कोपरापर्यंत हात राखेत होता. हात झटकून बाहेर आले, मांडीला पुसला आणि म्हणाले, "चूल एकच हाय. भाऊ-भाऊ येगळं झाल्यालं न्हाईत. पोरगी द्यायला हरकत न्हाई." आईनं ते चहाचे कप दोनदा घासले. पण लग्न झालं, आणि मी त्यांना मामा म्हणायला लागलो.

हा नाद त्यांना रेशनच्या दुकानामुळं लागला होता. डिंभ्याच्या अलीकडं घोडनदीच्या काठावर त्यांचं गाव. गावात स्वस्त धान्याचं दुकान, आणि दुकानावर लक्ष ठेवायला एक दक्षता समिती. अशी समिती गावोगाव असते आणि गावोगाव ती कुठं असते ते कुणालाच माहीत नसतं. मामांच्या गावात मात्र ती दिसायची, कारण ती म्हणजे मामा एकटेच दुकानाच्या ओट्यावर बसलेले असायचे. बाकीचे सभासद सह्यांपुरते. धान्याची गाडी आली की मामा एका पोत्यातून ओंजळभर तांदूळ घरी नेऊन शिजवायचे आणि तो खाऊन, तासभर पोटावर हात ठेवून बसायचे. पोट काही बोललं नाही की मगच वाटप सुरू. रांगेतली माणसं तोवर मामांच्या तोंडाकडं बघत उभी. एकदा मामांना आदल्या दिवशीच्या लग्नातल्या जेवणानं कळ आली, तर सगळ्या गावाचा तांदूळ दुसऱ्या दिवसापर्यंत अडला.

पण त्यांचं खरं काम चुलीचं. कार्ड मिळायचं ते एका चुलीमागं एक. तेव्हा लोकांनी काय करावं? एका घरातल्या दोघा भावांनी कागदावर वेगळं व्हावं, तपासनीस यायच्या दिवशी ओसरीत तीन दगड मांडून जाळ करावा, आणि तपासनीसाची पाठ फिरली की पुन्हा एका परातीत जेवावं. तालुक्याचे साहेब कागद बघायचे, मामा राख बघायचे. राखेचं त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते विचारल्याशिवायही सांगायचे. "पावणं, दिखाव्याची चूल वर चटका देती आन् खाली गार लागती. रोजच्या चुलीचं उलटं. वर गार, खाली ऊब. सकाळी इजवलेली चूल सांजच्याला बी बुडाशी ऊब धरती. आन् जी बुडापातूर गार, ती लई दिस पेटल्याली न्हाई." ज्याची चूल बुडापर्यंत गार त्याचं कार्ड बोगस, हा त्यांचा निकाल. त्यावर अपील नाही. पुढं घरोघर गॅस आला तेव्हा त्यांची मोठी पंचाईत झाली, कारण शेगडीला राख नसते. तरी ते बर्नरला हाताची मागची बाजू लावून बघायचे, आणि एकदा पोळून घेतल्यावर कुणीतरी आतून ओरडलं, "समितीला बर्फ द्या रं!"

स्वतःच्या घरालाही त्यांनी सूट दिली नव्हती. मामी गेल्या तेव्हा तेराव्याचं जेवण आटोपलं, पंगत उठली, आणि हे टोपी घालून निघाले. कुठं, तर तहसिलात, कार्डावरून बायकोचं नाव कमी करायला. सोयरेधायरे तोंडात बोटं घालून बघत राहिले. मी म्हटलं, "मामा, दोन दिवस थांबला असता तर?" तर मलाच म्हणाले, "मेल्याल्या माणसाचं धान्य खायाचं व्हय?" एसटी चुकली म्हणून चालत गेले आणि चालत आले. रात्री मात्र जेवले नाहीत, हे माझ्या बायकोनं पाहिलं.

इतका खरा माणूस एकच खोटं बोलत आला, आणि तेही वर्षानुवर्षं. ते त्यांच्या बहिणीबाबतचं. आम्ही सगळे तिला आत्याबाई म्हणायचो. ती मामांपेक्षा लहान, ऐन तरुणपणी नवरा गेला तशी माहेरी परत आलेली. तिचं नाव मामांच्याच कार्डावर. तेव्हा घराची चूल एक होती आणि आत्याबाईच ती पेटवायच्या. शेजारी एक विधवा राहायची, आत्याबाईंची जिवाभावाची मैत्रीण. पुतण्यांपासून वेगळं होऊन तिनं स्वतःचं कार्ड काढलं होतं. तपासणी आली, मामांनी तिच्या चुलीत हात घातला, तर बुडापर्यंत गार. मामा म्हणाले, बोगस. साहेबांनी लिहिलं, बोगस. बाईनं कार्ड आणून त्यांच्या हातात ठेवलं. संध्याकाळी आत्याबाईंनी भावाला सांगितलं ते त्याच्या शास्त्रात नव्हतं. "दादा, तिची चूल गार व्हती, कारन घरात शिजवायला दाणा नव्हता."

मामा दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेले, साहेबांच्या हातापाया पडले. पण कापलेलं नाव पुन्हा चढवणं म्हणजे तेलाच्या घाण्यातून शेंगदाणे परत मागणं. ती बाई लेकीकडं कळंबला गेली ती परत आली नाही. आणि ती गेली त्याच दिवशी आत्याबाईंनी पडवीत तीन दगड मांडले. "तुज्या चुलीवरचं मी खानार न्हाई," एवढं भावाला म्हणाल्या, आणि त्यानंतर त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

एका घरात बहीण-भावाच्या दोन चुली धुमसायला लागल्या. मामी गेल्यावर तर प्रत्येक चुलीवर एकेका माणसाचं अन्न. मामांचा मुलगा चाकणला कंपनीत, तो सणावाराला येणार. मामा आत पातेल्यात डाळ करपवायचे, आत्याबाईंना पडवीत वास यायचा, पण त्या काही बोलायच्या नाहीत. बोलायचं झालंच तर मध्यस्थ लागायचा. मी गेलो की दोघांनाही उधाण यायचं. मामा म्हणायचे, "पावणं, तिला इचारा, डोळ्यात औषध घातलं का." दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या आत्याबाई म्हणायच्या, "जावईबापू, त्येला सांगा, घातलं." माणूस नसेल तर म्हशीचा उपयोग व्हायचा. "आज पाऊस येईलसं दिसतंय," असं मामा म्हशीला सांगायचे, की आत्याबाई उठून वाळवण आत घ्यायच्या.

आत्याबाईंचा हट्ट असा, की भावाच्या शेतातला दाणा घ्यायचा नाही. रेशनचं धान्य तेवढं घ्यायचं, कारण, "ते सरकारचं, त्येचं न्हाई." मीठमिरचीपुरतं कांद्याच्या लागणीला जाऊन मिळवायच्या. दर महिन्याला मामा दुकानातून दोघांचं धान्य आणायचे आणि आत्याबाईंच्या वाट्याचं मापून पडवीच्या उंबऱ्यावर ठेवून खोकायचे. ते खोकणं म्हणजे पोच. आणि एवढी पडवीतली चूल डोळ्यांसमोर असताना, तपासणीच्या वेळी हा चुलींचा कर्दनकाळ साहेबांना सांगायचा, "आमची चूल एकच." आत्याबाईंचं स्वतंत्र कार्ड केव्हाच होऊ शकलं असतं. मी एकदा तसं म्हटलं. मामा माझ्यावर असे उखडले की मी गाडीची किल्लीच शोधायला लागलो. "ती रुसलीय, पावणं. येगळी न्हाई झाली. रुसव्याला कार्ड नसतं."

मग दुकानात मशीन आलं. अंगठा लावायचा, मशीननं ओळख दिली तर धान्य. मामांना आधी मशीन आवडलं, आपल्यासारखंच कुणाला ऐकत नाही म्हणून. पण पुढं नवा नियम निघाला, की कार्डावरच्या प्रत्येकानं मशीनवर आपली ओळख पटवायची, नाही पटली तर नाव कमी. राज्यानं कामकाजात केलेला हा बदल कसा चाललाय ते बघायला वरून एक पथकही आलं होतं. त्यांनी मशीन सुरू करून पाहिलं, बंद करून पाहिलं, फोटो काढले. मामा इस्त्रीची टोपी घालून पुढं झाले. "सायेब, मशीन चालतं का ते तुमी बगितलं. मशीन ज्येला न्हाई म्हनलं, त्येच्या घरी कोन जानार?" बरोबरच्या माणसानं ते हिंदीत सांगितलं. मोठे साहेब मान हलवून म्हणाले, प्रश्न चांगला आहे. मग त्यांनी डिंभ्याचं धरण बघायला किती वेळ लागेल ते विचारलं, आणि गाड्या गेल्या.

आत्याबाईंना घेऊन दुकानात मीच गेलो होतो. दुकानदार भला माणूस. त्यानं त्यांचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, स्वतःच्या पँटला घासला, मग एकेक करून सगळी बोटं लावून बघितली. लागणी करून, भांडी राखेनं घासून त्या बोटांवर रेघ म्हणून उरली नव्हती. डोळ्याचं मशीन लावलं, तर मोतीबिंदूच्या डोळ्यालाही त्यानं ओळख दिली नाही. आत्याबाई आपला अंगठा उलटासुलटा करून बघत राहिल्या. बहिणीनं जमिनीवरचा हक्क सोडायचा हा आपल्याकडचा रिवाज. त्या कागदावर पूर्वी त्यांनी अंगठाच दिला होता. त्या म्हणाल्या, "वावर लिवून दिलं तवा ह्योच अंगठा चालला की." दुकानात हसू झालं. मीही हसलो. दोन महिन्यांनी त्यांचं नाव गेलं.

तेव्हापासून मामांच्या जिवाला घोर लागला. सरकारचा दाणा बंद, भावाचा ती घेणार नाही, मग म्हातारी खाणार काय? मामांनी स्वतःच्या वाट्याचं धान्य नेहमीसारखं मापून उंबऱ्यावर ठेवलं आणि नेहमीसारखे खोकले. आत्याबाईंनी ते उचलून आतल्या उंबऱ्यावर परत ठेवलं आणि त्याही खोकल्या. कांद्याच्या लागणीला आता त्यांना कुणी बोलवत नव्हतं. माझी बायको पिठाचा डबा घेऊन गेली, तर एकदा ठेवून घेतला, दुसऱ्यांदा म्हणाल्या, "पोरी, हाय मला. भरपूर हाय." विचारलं की भरपूर. आणि मनगटातलं कडं कोपरापर्यंत चढायला लागलं होतं.

मामा तालुक्याला खेटे घालू लागले. अखेर वाट सापडली ती एकच. एकट्या म्हाताऱ्या बाईचं स्वतंत्र कार्ड असेल तर तिच्याऐवजी नेमून दिलेल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा चालतो. पण स्वतंत्र कार्डाला स्वतंत्र चूल हवी, आणि ती साहेबांनी घरी येऊन बघायला हवी. म्हणजे मामांनी गावादेखत सांगायचं, की आमच्या घरात दोन चुली आहेत, केव्हाच्या आहेत, आणि मी इतकी वर्षं सरकारला खोटं सांगितलं. समितीवरून नाव जाणार हे उघड होतं. मामांनी अर्ज केला. मला फोन करून म्हणाले, "पावणं, तुमी या त्या दिवशी. एकट्याच्यानं व्हनार न्हाई."

मी गेलो. साहेब तरुण होते, सभ्य होते, बरोबर तलाठी होता, आणि तमाशा बघायला अर्धी आळी होती. चुली तपासणाऱ्याची चूल तपासायची होती, कोण चुकवील? मामा अंगणात उभे, टोपी हातात. गळा साफ करून म्हणाले, "सायेब, माजी भयीन येगळी ऱ्हाती. येगळी शिजिवती. ही बगा तिची चूल." आणि सवयीनं स्वतःच खाली बसून त्यांनी पडवीतल्या चुलीत हात घातला. हात आत गेला आणि तिथंच राहिला. मला वाटलं, चटका बसला. मी जवळ गेलो तर त्यांचा चेहरा राखेसारखाच झालेला.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"गार हाय," मामा म्हणाले. त्या माणसाला खोटं सांगून बहिणीचं कार्ड मिळवायची ती एकच संधी होती, पण राखेबाबत खोटं त्यांच्या तोंडून निघेना.

तेवढ्यात आतून थापटण्याचा आवाज आला. मामांच्या स्वयंपाकघरात, मामांच्या चुलीपुढं आत्याबाई बसल्या होत्या. परातीत पीठ, तव्यावर बाजरीची भाकरी, बाजूच्या वैलावर हुलग्याचं कोरड्यास. साहेब दारात आले तसा त्यांनी डोईवरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "आमचं घर फुटल्यालं न्हाई, सायेब. चूल एकच हाय. म्हातारा झालाय त्यो, कायबी सांगतो." मग साहेबांच्या मागं उभ्या असलेल्या भावाकडं बघितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मध्ये ना म्हैस होती ना जावई. "दादा, भाकर निवतीया. बस."

साहेबांनी लिहिलं, चूल एक, अर्ज नामंजूर. चूक कुणाची म्हणायची? त्यांनी बघितलं तेच लिहिलं. आळीतली माणसं पांगली. आम्ही तिघं जेवायला बसलो. मामा ताटातली भाकरी नुसती मोडत होते, आणि आत्याबाई त्यांना वाढतच होत्या. भावाची गावात खोटारडा म्हणून शोभा होऊ नये, म्हणून त्या बाईनं आपली चूल विझवली, असंच मला वाटलं. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. आम्ही म्हटलं, जाऊ दे, कार्ड गेलं पण रुसवा गेला, आता दोघं एका चुलीवर खातील.

खाल्लं त्यांनी. दिवाळी एका चुलीवर झाली. आत्याबाईंनी भावाची करपलेली पातेली घासून लखलखीत केली, आणि मामा म्हशीशी बोलायचे बंद झाले. पण बाईचं अंग काही भरलं नाही. संक्रांतीनंतर थंडीत एका सकाळी त्या उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, वय होतं. तेराव्याचं जेवण झालं तेव्हा माझं लक्ष मामांच्या टोपीकडं होतं. ती खुंटीलाच राहिली. त्यांना तहसिलात जायचं कारण नव्हतं. आत्याबाईंचं नाव कमी करायचं काम मशीननं आधीच उरकलं होतं.

पाव्हणे गेल्यावर मामा माझ्याशेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "पावणं, त्या दिवशी सायेबाफुडं मी राखेत हात घातला. तिनं त्याच दिवशी सकाळी चूल इजवली असती, तर बुडाशी ऊब असती."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी दुसरीकडं बघायला लागलो.

"बुडापातूर गार व्हती," ते म्हणाले. "माज्यासाटी गार ठेवली व्हती, का शिजवायला काय नव्हतं? सांगा. कोनाला इचारू आता?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या राखेतून उत्तर काढणाऱ्या माणसाला मी आळेफाट्याचा दुकानदार काय सांगणार? "तुमच्यासाठीच," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. समितीवर ते आजही आहेत. पण आता ओट्यावर बसत नाहीत, आणि कुणाच्या चुलीत हात घालत नाहीत. मशीन ज्याला नाही म्हणतं त्याच्या मागोमाग मात्र ते काठी टेकत जातात, आणि त्याच्या घरी जाऊन नुसते विचारतात, "आज काय शिजलं?"

परवा घोडेगावला माल पोचवायला गेलो होतो, तसाच पुढं त्यांच्याकडं डोकावलो. मामा घरी नव्हते, म्हैस घेऊन नदीला गेले होते. मी पडवीत टेकलो. आत्याबाईंची चूल सारवलेली, फुंकणी जागेवर. का कोण जाणे, मी खाली वाकलो आणि राखेत हात घातला. वर गार होती. आणखी खाली घातला. बुडाशी ऊब होती.

हात झटकून उठतोय तोवर मामा म्हैस घेऊन अंगणात उभे. त्यांनी माझ्या राखाडी हाताकडं बघितलं, आणि चोर सापडावा तशी मान खाली घातली.

"रोज सांजच्याला पेटिवतो," ते म्हणाले. "वर कायबी ठेवत न्हाई. बोगस हाय, पावणं. लिवून घ्या."

मग त्यांनी म्हैस बांधली आणि मला चहा टाकायला आत गेले.